चांदणीच्या तोंडात

दसरा होऊन आठवडा झाला असेल. गव्हाणीपाशी घासाचे बोळे पडलेले दिसायला लागले. अर्धवट चावलेले, लाळेने चिंब, लिंबाएवढे. मला वाटलं घास निबर आलाय, म्हणून मखमलाबादहून दुसऱ्याकडचा आणला. तरी बोळे पडतच होते. आमची घोडी चांदणी मान तिरकी करून एकाच बाजूने चावायची आणि मध्येच सगळं टाकून द्यायची. लिदीत हरभऱ्याचे दाणे अख्खेच्या अख्खे.

अण्णांनी पंचवटीत अख्खं आयुष्य टांगा हाकला. खाटेवरूनच म्हणाले, "घास काय बदलतोस, तोंड बघ तिचं."

आता तोंड मी घेतानाच बघितलं होतं की. संक्रांतीच्या सुमाराला वरातीसाठी ही घोडी घेतली, तेव्हा विकणाऱ्याने खालच्या कडेच्या दातांतले काळे खळगे दाखवले आणि म्हणाला, "सात वर्षांची." मीही जाणकारासारखी मान हलवली, मोबाइलवर फोटो काढला. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण मी तर पैसे मोजले होते.

डॉक्टर आले. गुंगीचं इंजेक्शन दिलं, मोरखीने डोकं वर बांधलं, जबड्यात लोखंडी चाप बसवून तोंड उघडं ठेवलं आणि कपाळावरचा दिवा लावला. मग मला म्हणाले, "घाला हात. वरच्या दाढांची बाहेरची कड चाचपा, गालाकडची." बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. करवतच ती! दिव्यात बघितलं तर गालाला आतून दोन जखमा, पांढऱ्या कडांच्या.

घोड्याची दाढ आपल्यासारखी एकदा येऊन थांबत नाही. हिरडीतून वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहते आणि चारा दळता दळता तेवढीच झिजते. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड घासलीच जात नाही. तिथे धार चढते, वरची गाल कापते, खालची जीभ. रानात दिवसभर गवत चरणारं जनावर जबडा आडवा, चांगला ऐसपैस फिरवतं. आमची चांदणी खुंट्याला बांधलेली, चंदीवर वाढलेली. दाणे चावायला जबडा फारसा आडवा फिरवावा लागत नाही.

मग मला मे महिन्यातली वरात आठवली. मालेगाव स्टँडच्या चढावर लगाम जरा ओढला तशी हिने मान अशी झटकली की नवरदेव खाली यायचाच बाकी होता. मी डीजेवाल्याशी भांडलो होतो. लगामाची कडी बसते ती पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या नुसत्या हिरडीच्या जागेवर. ओढ बसली की ओठाचा कोपरा आणि गाल मागे दाढेवर दाबले जातात, म्हणजे नेमके त्या धारेवर. बिचाऱ्या डीजेवाल्याचा काही दोष नव्हता.

लांब दांड्याच्या कानशीने डॉक्टर तासभर घासत होते. पांढरी पूड आणि जळक्या शिंगासारखा वास. मी विचारलं, दुखत नाही का? म्हणाले, त्या टोकांना संवेदना नसते, नस खोल आत असते.

जाता जाता त्यांनी वरचा ओठ उचलला. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर, बाहेरच्या अंगाला, एक तपकिरी पन्हळ असते. साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी उमटते, पंधराव्याला निम्म्यावर येते, विसाव्याला टोकाला पोचते. काही वर्षं इकडेतिकडे. चांदणीची निम्म्यावर होती. आणि खालचे ते काळे खळगे? खऱ्या खळग्याभोवती इनॅमलचं कडं असतं, हिच्यात ते नव्हतं. तरुण दिसावी म्हणून कोरून डागलेले. "जुना धंदा आहे," अण्णा म्हणाले, "सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात मी आधी वरचा ओठ उचलायचो." हे त्यांनी मला संक्रांतीला सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो. "विचारलंस कधी?"

रात्री गुंगी उतरल्यावर तिला भिजवलेला कोंडा दिला. तीन दिवसांनी घास. बोळा एकही पडला नाही.

काल तो संक्रांतीचा फोटो शोधून मोठा करून बघितला. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर पन्हळ निम्म्यापर्यंत स्वच्छ दिसते. ओठ वर धरलेला अंगठा माझाच आहे.