रात्रीचा कोरडा जोड

रविवार, बडोदा
जंगलातल्या पायी भटकंतीच्या सामानाची यादी अर्ध्यावर आली. जायचंय ते मलेशियातलं तमान नगारा हे ४,३४३ चौरस किलोमीटरचं वर्षावन. नोव्हेंबर ते जानेवारीचा मुसळधार पाऊस टाळता येतो, ओल टाळता येत नाही. झाडीखाली वारा नसतो, घाम वाळतच नाही. भारीतला रेनकोट घातला तरी तासाभरात माणूस आतून चिंब. तेव्हा चालताना भिजणार हे धरूनच चालावं. कोरडा ठेवायचा तो रात्रीचा एक जोड: पातळ सिंथेटिक शर्ट-पायजमा, मोजे, पांघरूण. सगळं एकात एक अशा दोन जाड प्लास्टिक पिशव्यांत, तोंड पिळून, दुमडून, वर रबरबँड. सकाळी तो जोड परत आत आणि अंगात कालचेच ओले कपडे. नको वाटतं, पण एकदा मोह झाला की पुढच्या रात्रीला कोरडं काहीच उरत नाही.

मंगळवार
गच्चीत ताडपत्री ताणून पाहिली. जंगलात झाडाच्या खोडावरून ओघळणारं पाणी दोरीवर येतं आणि दोरी धरून थेट ताडपत्रीखाली शिरतं. म्हणून ताडपत्रीच्या वीतभर अलीकडे दोरीला सुती नाडीचा तुकडा बांधून लोंबता सोडायचा. पाणी तिथूनच ठिबकून जातं. ताडपत्री सैल राहिली तर मधोमध पाण्याचा फुगा होतो आणि त्याच्या वजनाने खुंट्या उपटतात, म्हणून एक कोपरा मुद्दाम खाली ओढावा. तंबूखालचं प्लास्टिक बाहेर बोटभरही दिसता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी गोळा करून ते पाठीखाली आणून सोडतं. मुक्कामी ताडपत्री सर्वांत आधी लावायची, निघताना सर्वांत शेवटी काढायची.

जागा निवडताना आधी वर बघायचं. भिजून जड झालेली वाळकी फांदी वारा नसतानाही कोसळते. नदीकाठची सपाट वाळू म्हणजे निव्वळ सापळा: वर डोंगरात पाऊस झाला की रात्रीत पाणी चढतं. झुडपांत अडकलेला जुना पालापाचोळा किती उंचीवर आहे ते बघून त्याच्या बरंच वर राहावं. सूर्य सातनंतर मावळतो, पण झाडीत त्याच्या बराच आधी अंधारतं. चार वाजले की थांबायचं.

शुक्रवार
मांडवीतून मांजरपाट आणला, जळवांसाठीचे मोजे शिवायला. साध्या मोज्याच्या विणीतून जळू आरपार जाते. गुडघ्यापर्यंत उंची, पँट आत खोचून वर नाडी. शिवण तळव्याखाली आली तर फोड ठरलेला. जळू चिकटली तर मीठ, तंबाखू, पेटती काडी यांपैकी काहीही नको. ती पोटातलं जखमेत ओकते. आधी बारीक टोकाखाली नख सरकवायचं, मग जाड टोकाखाली. तिच्या लाळेतल्या हिरुडिनमुळे रक्त लवकर गोठत नाही. घाबरू नये, दाबून धरावं.

थेपले पहिल्या दोन दिवसांपुरतेच. पुढे बुरशी धरते, हे बडोद्याच्या माणसाला पटवणं कठीण! खाखरा पाकीट फोडताच मऊ. म्हणून भाजलेला रवा, तांदूळ-मेतकूट, गूळ-शेंगदाणे. गॅसचा डबा विमानात नेऊ देत नाहीत, तो क्वालालंपूरलाच घ्यायचा. शेगडी धुऊन, वास घालवून न्यायची. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवायची, निवळलं की गाळून उकळायचं, खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट. घाम फार गेला तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

रविवार, पावागड
भरलेल्या सॅका घेऊन पायऱ्या चढल्याने दम वाढतो, पण मुळं आणि चिखल यांची सवय काही होत नाही. तमान नगाराच्या वेशीवरच्या कुआला ताहान गावाहून बुंबुन कुंबांगच्या मचाणाकडची वाट साधारण ११ किलोमीटरची. त्यासाठी अख्खा दिवस धरलाय.

ओझ्याची वाटणी आज ठरली. तंबू एकाकडे, शेगडी-भांडी दुसऱ्याकडे. टॉर्च, शिट्टी, पाणी, औषधं मात्र ज्याची त्याच्याजवळ. त्या झाडीत वळणापलीकडचं माणूस दिसत नाही, हाकही नीट पोचत नाही. चुकामूक झालीच तर आहे तिथेच थांबायचं आणि थोड्या थोड्या वेळाने तीन शिट्ट्या वाजवायच्या.