वक्तृत्वातून रॅपकडे

आज संध्याकाळी सुदामानगरात एका पोराचा रॅपचा सराव ऐकला. इंदूरच्या वक्तृत्व स्पर्धांत तयार झालेला गडी. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, तरी बीटवरून, म्हणजे मागे वाजणाऱ्या ठेक्यावरून, घसरत होता. वक्ता टाळ्यांसाठी थांबतो. बीट कुणासाठीच थांबत नाही. 90 बीपीएमला (मिनिटाला 90 ठोके) चार ठोक्यांचा बार, म्हणजे एक आवर्तन, जेमतेम 2.7 सेकंदांचा, 16 बार 43 सेकंदांत खलास. श्वासाची जागा लिहितानाच सोडावी लागते. बारमध्ये ठोक्याला चार अशी 16 बारीक घरं धरली, तर त्यातली 10-12च अक्षरांनी भरावीत. यानं सोळाच्या सोळा भरलेली, तिसऱ्या ओळीला दम संपला!

दुसरी अडचण आपल्या मराठीची. क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे 'करतो-मरतो' फुकटात जुळतं आणि ऐकायलाही फुकटातलंच वाटतं. वाक्य फिरवून नाम शेवटी आणायचं: 'रात्री जागा सराफा, निघाला आमचा ताफा' (सराफा म्हणजे इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार). 'सराफा'तला 'रा' आणि 'ताफा'तला 'ता' स्नेअर ड्रमवर, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर पडले की ओळ बसते.

माइकची जाळी मुठीत आवळायची हौस मात्र सोडावी. मागून येणारा आवाज टाळायची माइकची क्षमता जाते, मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) शिट्टी मारतो, शब्दही गढूळ होतात.

गर्दीशी बोलणं त्याला आधीच येतं, आणि 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये, हिप-हॉपची सुरुवात मानल्या जाणाऱ्या डीजे कूल हर्कच्या पार्टीत माइकवर तेच चालायचं. आता आठवडाभर 75 बीपीएमवर नुसत्या मेट्रोनोमसोबत (टिकटिक करत ठोके देणारं यंत्र), मग पाच-पाचनं वर.