दिवे घाटातल्या आजींचा फोटो

माउलींच्या पालखीबरोबर पहिल्यांदा चालले तेव्हाची गोष्ट. हडपसर मागे टाकून दिवे घाट चढताना आमच्या दिंडीतल्या एका आजींचा फोटो काढला. डोक्यावर तुळस, अंगावर प्लॅस्टिकचा कागद, मागे माणसांनी भरून गेलेलं घाटाचं वळण. रात्री सासवडला तंबूत तो त्यांना कॅमेऱ्यातच दाखवला. पदरानं चष्मा पुसून त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ धरली. म्हणाल्या, "माउली, लेकाला पाठव हं हा."

त्याच रात्री सगळे फोटो फोनमार्फत एसएसडीवर, म्हणजे फोनला जोडायच्या छोट्या ड्राइव्हवर, 'वारी' नावाच्या फोल्डरमध्ये घेतले आणि कार्ड फॉरमॅट केलं. सासवडला पालखी दोन रात्री असते. दुसऱ्या दिवसाचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये टाकले. माझ्या कॅमेऱ्याची सेटिंग अशी होती की फॉरमॅटनंतर फाइलचे नंबर पुन्हा ०००१ पासून सुरू व्हायचे. फोननं विचारलं, या नावाची फाइल आहे, बदलायची का? झोपेनं डोळे मिटत होते, 'होय' दाबलं. घाटातले २१२ फोटो गेले. आजी त्यातच होत्या. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, पण कार्डावर त्या जागी नवे फोटो येऊन बसले होते.

तेव्हापासून वारीत कार्ड फॉरमॅट करत नाही. ६४ जीबीची चार कार्डं नेते. एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला मूळ, प्रक्रिया न केलेला फोटो, २५-३० एमबीची, दिवसाला ३०० फोटो धरले तर आठ-नऊ जीबी होतात. एवढं क्लाउडवर चढवायचं म्हटलं तर लाखो माणसांच्या गर्दीत साधा फोनही लागत नाही. एसएसडीवर रोजच्या मुक्कामाचा वेगळा फोल्डर: जेजुरी, वाल्हे, लोणंद.

आणि कॉपी झाली की फोटो उघडून बघतेच. नुसत्या छोट्या चित्रावर विसंबू नका. रॉ फाइलमध्ये एक लहान जेपीजी दडलेला असतो. फाइल अर्धवट कॉपी झाली तरी तो नीट दिसू शकतो. म्हणून फोटोंचा आकडा आणि एकूण साइज कार्डाशी जुळवायची, मग मधलेच चार-पाच फोटो पूर्ण उघडून झूम करायचे. पुढे एसएसडी दिंडीच्या ट्रकमधल्या पिशवीत, कार्डं माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, झिपच्या पिशवीत घालून. दोन्ही एका जागी कधीच नाही.

आजींना मी खरं ते सांगितलं. "जाऊ दे, परत काढ की," म्हणाल्या. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, तिथं त्यांना शोधून काढलं. तुळस तीच, ऊन मात्र लख्ख. तरडगावला त्या रात्री फोटो उघडून, झूम करून, आजींना दाखवूनच बाजूला ठेवला. लेकाला तो पहाटे तीनला गेला, रेंज तेव्हाच मिळाली.