काळम्मावाडीच्या फुगवट्यावर गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यातील काळम्मावाडी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्यावर, तंबू ठोकून गळ टाकण्याचा बेत असेल, तर पहिले सांगणे असे की मार्च उजाडल्यावर तिकडे फिरकू नका. ‘पाण्याला लागून गवताळ काठ आहे, गाडीतून उतरायचे आणि गळ टाकायचा,’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. दाखवलेले छायाचित्रही खोटे नव्हते. फक्त ते दिवाळीच्या सुमारास, धरण भरलेले असताना काढलेले होते. सुमारे 25 टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या या धरणातून शेतीला पाणी सुटू लागले की पाणी मागे सरकत जाते आणि गवत संपते तिथून पाण्यापर्यंत नुसता गाळ उरतो.

हा गाळ वरून वाळून भेगाळलेला असतो आणि सुरुवातीची काही पावले माणसाचे वजन पेलतोही. मग पायाखालची खपली करकन तुटते, पाय पोटरीपर्यंत आत जातो आणि तो उपसताना सगळा भार दुसऱ्या पायावर आल्यामुळे तोही रुततो. पाठीवर सामान आणि हातात काठ्या असताना तेवढे अंतर कापायला लागलेला वेळ आठवला तरी अजून पोटऱ्या दुखतात. गमबूट नेऊ नयेत, कारण ते गाळात अडकतात आणि पाय तेवढा बाहेर येतो. घोट्याशी आवळून बांधता येणारे जुने कॅनव्हासचे बूट चालतात. जनावरांच्या खुरांची वाट पाण्यापर्यंत गेलेली दिसली तर तिथून उतरावे, मात्र ती गाईबैलांची असल्याची खात्री करून घ्यावी, कारण म्हशी मुद्दाम गाळातच जातात. त्यापेक्षा थोडा वळसा पडला तरी मुरमाड किंवा खडकाळ उताराचा काठ शोधणे केव्हाही शहाणपणाचे.

दुसरा जाच पैशांचा. काठावर भेटलेल्या एका गृहस्थांशी माणशी 200 रुपये ठरले होते. पहाटे काठ्या मांडलेल्या पाहताच तेच 200 रुपये गळामागे झाले आणि पावती मागताच आवाज चढला. धरणातील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात, त्यामुळे पैसे द्यावे लागणे यात गैर काही नाही. पण ठेका कोणाकडे आहे हे आदल्या दिवशी गावात विचारावे, दर माणशी की गळामागे हे आधी बोलून घ्यावे आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. या जलाशयाच्या परिसरातच राधानगरी अभयारण्याची हद्द येते आणि तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम किंवा मासेमारी करणे हा सरळ गुन्हा आहे, म्हणून निवडलेली जागा हद्दीबाहेर आहे का, हे वनविभागाकडूनच समजून घ्यावे.

मासा मात्र आहे, आणि चांगला आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे सगळे गळ एकाच खोलीवर सोडणे हा वेडेपणा ठरतो. कणकेत शेंगपेंड मळून केलेल्या गोळ्यांना रोहू लागला तेव्हा रीळ किंचाळले आणि गाळाचे दुःख तेवढ्यापुरते विसरायला झाले. गांडूळ लावाल तर चिलापीच सतावेल. बुडीत क्षेत्रातील जुन्या खोडांत तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) हमखास अडकतो, म्हणून गळ आणि शिसे वाजवीपेक्षा दुप्पट न्यावे. दुसरा दिवस निवांत गेला. त्यात लिहिण्यासारखे काही नाही.

जायचेच तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे. भर पावसाळ्यात हे मासे अंडी घालतात, तेव्हा गळ घरीच ठेवावा. संध्याकाळी गवे पाण्यावर येऊ शकतात, म्हणून तंबू त्यांच्या वाटेपासून लांब आणि उंचावर ठोकावा आणि मासे तंबूजवळ साफ करू नयेत. बर्फ कोल्हापुरातूनच भरून घ्यावा आणि तो जास्तीचा घ्यावा, कारण गळीत हंगाम सुरू झाला असेल तर परतताना साखर कारखान्याच्या बिद्रीच्या आसपास उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी किती वेळ रखडेल याचा नेम नसतो.