पाणवेली परत येतात, मग काढता कशाला?

नाशिकहून पाहुणा आला, गोदाकाठी उभा राहिला, की प्रश्न ठरलेला: "दरवर्षी काढता, दरवर्षी येतात. कशाला हा खटाटोप?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

पाणवेल, म्हणजे जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी 19व्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आणली गेली. आमच्याकडे ती पोसली जाते शहराच्या सांडपाण्यावर. त्यातलं नत्र-स्फुरद तिला फुकटचं खत. उन्हाळ्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते. पावसाळ्यात नदी मोकळी दिसली, की शहरात म्हणतात, पुराने घाण नेली. नेली कुठे? नदीच्या खालच्या अंगाला, सायखेडा-चांदोरीला. तिथे पुलाला अडकते, पाणी तुंबतं. सुटली की थेट नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यात. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा हा बंधारा 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. मान जिल्ह्याचा, वेली मात्र आमच्या पदरात.

आता काढणं कसं असतं ते सांगतो. थर्माकोलच्या तराफ्यावरून मच्छीमार पोरं चऱ्हाटाचा वेढा टाकतात आणि काठावरून आम्ही ओढतो. वेढ्याबाहेर राहतं ते दाताळ्याने. एक झाड हातात घेऊन बघा: देठ फुग्यासारखे, आतून स्पंज, खाली काळ्याभोर मुळांची झुपकेदार शेपटी, तिच्यात गोगलगायी आणि बोटभर मासे. शेजारच्या झाडाला ते दोरीएवढ्या धाग्याने जोडलेलं असतं. तो धागा तुटून तुकडा पाण्यात राहिला तर नवं झाड तयार. म्हणून घाई करणाऱ्याला आमच्यात शिव्या बसतात. ओला ढीग उचलवत नाही, कारण त्यात बहुतेक पाणीच. वाळला की पार बसतो. तो पूररेषेच्या वर टाकायचा, नाहीतर पहिल्या पुरात पुन्हा नदीत. आणि हे सगळं फुलं यायच्या आत. बी गाळात 15-20 वर्षं टिकतं.

"औषध का मारत नाही?" हा पुढचा प्रश्न. मारलं तर झाड कुजून तिथेच बुडतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि खाल्लेलं खत पुन्हा पाण्यात. शिवाय हेच पाणी कालव्यांनी पुढे शेतात जातं. पाणवेल खाणारे भुंगेरेही 1980च्या दशकात भारतात आणले होते. पण दर पुरात त्यांचं घरदारच वाहून जाणार, म्हणून माझा त्यांच्यावर फारसा भरवसा नाही. आणि सगळं तळं खरवडूनही काढायचं नाही. पाणकणीस इथलंच आहे, जांभळ्या पाणकोंबड्या त्यात राहतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना मात्र उघडं पाणी लागतं.

तेव्हा खटाटोप कशाला, तर काही महिने जाळी टाकता यावी, बदकं उतरावीत, कालव्याच्या तोंडाशी गचपण होऊ नये, एवढ्यासाठी. सांडपाणी शुद्ध होऊन नदीत येत नाही तोवर वेली येणारच, आणि ते काम आमच्या दाताळ्याचं नाही. तुमच्या हातात मात्र एक आहे. एप्रिल-मेमध्ये शहराजवळच्या डोहांत त्या तुरळक असतात, काठापर्यंत ट्रॅक्टर जातो. तिथेच उचला. पुराबरोबर आमच्याकडे येईपर्यंत त्याच एकराएकराने मोजाव्या लागतात.