छापून घेतलेल्या वेल्डिंगच्या सळया

अंबड एमआयडीसीत माझा मोल्ड (प्लास्टिकचे साचे) दुरुस्तीचा गाळा आहे. मागच्या पावसाळ्यात थ्रीडी प्रिंट केलेला एक इन्सर्ट, म्हणजे मोल्डच्या आत बसणारा धातूचा तुकडा, आला. आतली पाण्याची वाट वळणावळणाची, कोपऱ्याला तडा, पाणी गळतंय. धातू मॅरेजिंग स्टील: १८ टक्के निकेल, सोबत कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम, कार्बन नावालाच. त्यात साधी सळई भरली तर एजिंगनंतर (भट्टीत तापवून कडक केल्यावर) जोड मऊच राहतो. जुळणारी सळई मिळत होती, पण विक्रेता अख्खी पेटी घ्या म्हणाला. मला सात-आठच हव्या होत्या.

मग इन्सर्ट जिथे छापला होता तिथेच विचारलं, त्याच धातूच्या पावडरच्या सळया छापून द्याल का? मी २.४ मिलीमीटर जाडीच्या गोल, उभ्या मागितल्या. तिथला मुलगा म्हणाला, "सर, २०० मिलीमीटर उंची म्हणजे ४० मायक्रॉनचे ५,००० थर. आणि एवढी बारीक काडी पावडर पसरवणाऱ्या पट्टीच्या धक्क्याने वाकेल. आडव्या, चौकोनी काढू. छपाईच्या प्लेटवरून वायर कटने, म्हणजे विजेच्या तारेने कापून, सोडवू." साठेक थरांत काम झालं. टिग वेल्डिंग करणाऱ्याला सळई गोलच हवी असं कुठे आहे!

टाकाऊ तुकड्यावर पहिला बीड (वेल्डची रेघ) घातला, घासला, तर सुईच्या टोकाएवढी भोकं. मोल्डला असं एक भोकही चालत नाही, प्लास्टिकवर उमटतं. आमच्या वेल्डर काकांनी सळई बोटांत फिरवली. "शेठ, काचपेपरसारखी लागतेय. ओल धरणारच."

काकांचं बरोबर होतं. छापलेल्या धातूला अर्धवट वितळलेले कण चिकटलेले असतात, त्यांच्या फटींत ओल राहते. शिवाय कापलेल्या बाजूवर वायर कटच्या पितळी तारेचं जस्त-तांबं बसतं. आर्कमध्ये जस्ताची वाफ होते आणि बीडमध्ये बुडबुडे अडकतात. चारही बाजू चकाकेपर्यंत घासल्या, ॲसिटोनने पुसल्या, १२० अंशांवर दोन तास भाजल्या. पुढचा बीड एकदम स्वच्छ आला.

मग तडा मुळापर्यंत कोरून काढला आणि काकांनी छोट्या छोट्या टप्प्यांत भरला. ४९० अंशांवर ६ तास एजिंग केलं. कडकपणा मूळ धातूवर ५३ एचआरसी, जोडावर ५१. डीपी टेस्टमध्ये (रंग लावून तडे शोधायची चाचणी) काही दिसलं नाही. पाण्याचा दाब देऊन रात्रभर ठेवला. सकाळी गेजचा काटा होता तिथेच होता.

उरलेल्या तीन सळया सिलिका जेल घालून बंद नळीत ठेवल्यात, वर पावडरचा बॅच नंबर लिहून.