शेपटीचं टोक

सातवीत असताना स्नेहसंमेलनात मी कोल्हा झालो होतो. चार उड्या मारायच्या आणि द्राक्षं आंबट म्हणायची, एवढंच काम. आईनं जुन्या नारिंगी ओढणीची शेपटी शिवून दिली, टोकाला पांढरा कापूस. रंगीत तालमीला विज्ञानाच्या बाई विंगेत आल्या, शेपटी उचलून बघितली आणि म्हणाल्या, "हा कोल्हा नव्हे रे, हे परदेशी खोकड, फॉक्स!"

आम्ही खाडीकाठच्या ऐरोलीची पोरं. कांदळवनातली कोल्हेकुई ऐकत झोपणारी. आम्हाला कोल्हा शिकवणार?

दुसऱ्या दिवशी बाईंनी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर एक झाड काढलं. खोड म्हणजे श्वानकुळ. एका फांदीवर लांडगा, कुत्रा आणि आपला खाडीतला कोल्हा, जरा बाजूला कोळसून, म्हणजे रानकुत्रा. पार दुसऱ्या फांदीवर खोकड. "कोल्हा कुत्र्याचा चुलतभाऊ. खोकडही भाऊबंदच, पण कधीच वेगळी चूल मांडलेलं." जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये तांबड्या खोकडालाही कुत्र्याच्याच 'कॅनिस' प्रजातीत (जीनसमध्ये) बसवलं होतं, ते पुढे वेगळं काढलं गेलं. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांची गुणसूत्रं ७८, तांबड्या खोकडाची जेमतेम ३४. त्यामुळे कुत्र्या-कोल्ह्याची पिल्लं होऊ शकतात, कुत्र्या-खोकडाची नाही. खोकडाची बाहुली उजेडात मांजरासारखी उभी, बारीक होते. पांढरं टोक त्या तांबड्याचं. आपल्या माळरानावरच्या खोकडाची शेपटी टोकाला काळी, आणि कोल्ह्याचीही काळीच.

"मग गोष्टीत कोल्हा कसा?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. गोष्ट ग्रीसकडची, तिथलं खोकड मराठीत येताना कोल्हा झालं, असं बाईंचं म्हणणं. पंचतंत्रातले करटक-दमनक मात्र अस्सल कोल्हे. हे सांगताना बाईंना कोण अभिमान!

ते झाड माझ्या वहीत बरीच वर्षं होतं. पुढे कळलं, दक्षिण अमेरिकेत ज्यांना 'फॉक्स' म्हणतात ती जनावरं नात्यानं कुत्र्याच्या फांदीवरची. नावानं खोकड, रक्तानं नाही. २०१५ मध्ये तर जनुकं तपासल्यावर आफ्रिकेतला सोनेरी कोल्हा आपल्या कोल्ह्यापेक्षा लांडग्याला जवळचा निघाला. बाईंना फोन करून सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "वही आहे का अजून?" नव्हती. घर बदलताना रद्दीत गेली, हे सांगायचा धीर मात्र झाला नाही.

राहिलं शेपटीचं. आईनं कापूस उसवला आणि ऐनवेळी टोकाला बुटाचं काळं पॉलिश फासलं. प्रयोगात तिसऱ्या उडीला ती शेपटी द्राक्षाची वेल झालेल्या मुलीच्या पांढऱ्याशुभ्र फ्रॉकवरून फिरली. वेल भर रंगमंचावर रडायला लागली आणि टाळ्या तिलाच जास्त मिळाल्या.